शेवटच्या नळापर्यंत

चैत्राचे ऊन आता माथ्यावर आले आहे. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की आपल्या गावांची आणि शहरांची सारी लगबग दोन तारखांभोवती फिरू लागते. 11 तारखेला जोतीराव फुले यांची जयंती, 14 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. या चार दिवसांत चौकाचौकांत कमानी उभ्या राहतात, पुतळे धुऊन निघतात, निळ्या पताका वाऱ्यावर फडफडतात, वाचनालयांत व्याख्याने रंगतात, आणि त्याच चौकाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत, लाल फडके गुंडाळलेले रांजण मांडले जातात. चैत्र लागला की वाटसरूच्या ओंजळीत पाणी घालावे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी घालून दिलेले वळण आहे. जुन्या धर्मग्रंथांनीही वर्षप्रतिपदेपासून चार महिने पाणपोई चालवावी, आणि तेवढी ऐपत नसेल तर निदान एका घरी रोज भरलेली घागर पोचवावी, असे सांगून ठेवले आहे. त्यातली दुसरी सूचना आपल्याला अधिक मोलाची वाटते. पाणपोईपाशी तहानलेल्याने चालत यायचे असते, घागर मात्र त्याच्या दारी न्यावी लागते, आणि नेणाऱ्याला आधी त्याचे दार ठाऊक असावे लागते.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्याला हा आठवडा अंमळ अधिक जवळचा वाटावा, अशी कारणे आहेत. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण. त्यांचे पूर्वज तिथून निघून पुण्याला गेले, फुलांच्या धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडले, पण ज्या मुलखातून ते घराणे निघाले त्या मुलखात पाण्याची किंमत पोराबाळांनाही कळते. 1868 साली जोतीरावांनी पुण्यातल्या आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांसाठी खुला केला. पाण्याविषयी त्यापूर्वीही पुष्कळ उपदेश झाला होता, पुण्यकर्मे झाली होती. जोतीरावांनी उपदेश बाजूला ठेवला आणि आपल्या अंगणातले झाकण उघडले. एका घराचा हौद तो, त्यातून किती घागरी भरणार? तरीही दीडशे वर्षे उलटून गेल्यावर आपण त्या हौदाची आठवण काढतो, कारण कुणीतरी आपल्या घरापासून सुरुवात केल्याची ती खूण आहे.

बाबासाहेबांचे बालपण तर साताऱ्यातच गेले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले आणि आज तो दिवस आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. त्या शाळेत तहान लागली तर इतर मुले नळापाशी जाऊन पाणी पीत. भीमरावाला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडावा तेव्हा प्यायचे, आणि शिपाई जागेवर नसेल तर तहान तशीच घेऊन वर्गात परतायचे. पुढल्याच वर्षीची, 1901 ची, हकीगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वडील रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळाने उपाशी पडलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तळे खोदायला काढले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून मुले नवे कपडे घालून, हरखून निघाली आणि आगगाडीने मसूरला उतरली. वडिलांना पत्र पोचलेच नव्हते, त्यामुळे न्यायला कुणी आले नव्हते. मुले महाराची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला. बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने शेजारून चालायचे, या बोलीवर. वाटेत भाकरी सोडली, पण प्यायला मिळाले ते चिखलाचे, गुरांच्या शेणामुताने नासलेले पाणी. रात्री टोलनाक्यावर मुलाने पाणी मागितले, तर तुमच्यासाठी इथे पाणी कुणी भरून ठेवले आहे, असे उत्तर मिळाले. जवळ शिदोरी होती, पण पाण्यावाचून ती घशाखाली उतरणार कशी? मुले उपाशीच निजली.

ही हकीगत आपण जयंतीच्या व्याख्यानांत ऐकतो आणि हळहळतो. पण ती ज्या वाटेवर घडली, ती आपल्याच जिल्ह्यातली वाट आहे. मसूरहून खटावकडे आजही आपल्या गाड्या धावतात. आणि त्या हकीगतीत एक गोष्ट अशी आहे की तिच्यापाशी थोडे थांबावे. मुलांचे वडील तळे खोदण्याच्या कामावर होते. म्हणजे एकाच वेळी, एकाच जिल्ह्यात, सरकार पाण्याची सोय करत होते आणि तिथून काही कोसांवर नऊ-दहा वर्षांच्या पोराला घोटभर स्वच्छ पाणी मिळत नव्हते. आपल्याकडच्या दुष्काळी मुलखाचा सारा इतिहास असाच आहे. 1876-77 च्या दुष्काळात माणदेशात म्हसवडजवळ राजेवाडीच्या तलावाचे काम निघाले, तेही उपाशी माणसांच्याच हातांनी उभे राहिले. तळी खोदली गेली, धरणे बांधली गेली, कालवे निघाले. पाणी आणि तहानलेले माणूस यांच्यातले शेवटचे काही पावलांचे अंतर मात्र कुठल्याही नकाशात दाखवलेले नसते. ते अंतर बाबासाहेबांनी त्या रात्री अनुभवले, आणि पुढे 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळीने मोजून दाखवले.

आज कायद्याने नळ सर्वांचा आहे. पण आपल्या दोन जिल्ह्यांची भूमीच अशी की निसर्गानेही इथे पंक्तिप्रपंच करून ठेवला आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तिथून जेमतेम शंभर किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडकडे पाचशे मिलिमीटरची वाट पाहत आभाळाकडे डोळे लागतात. कृष्णा इथेच उगम पावते. 105 टीएमसीचे कोयना धरण इथेच आहे. आणि धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण ज्यांच्या तोंडून खऱ्या अर्थाने निघते, ती डोंगरकपारीतली माणसेही इथलीच, कारण जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात झरे आटले की खाली दिसणारे पाणी वर आणण्याची सोय नसते. सांगलीकडे यावे तर कृष्णेच्या काठी मळीची काळी जमीन आणि उसाचे फड, आणि पूर्वेला आटपाडी, कवठेमहांकाळ, जत. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी या मुलखाचे रूप बदलू लागले आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करायला हवे. नागनाथअण्णा नायकवडींनी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, सातारा, सांगली आणि सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसे वर्षानुवर्षे तिथे जमली, तेव्हा कुठे कालव्यांना गती आली. आगरकरांच्या जन्मगावचे, टेंभूचे, पाणी आज आटपाडीच्या माळावर पोचते, ही साधी गोष्ट नाही. पण कालव्याचे पाणी शेताला लागते. चुलीपाशी ठेवलेल्या हंड्यात जे पाणी पडते, त्याची वाट निराळी आहे आणि ती अधिक अवघड आहे.

याच चैत्रात, शुद्ध द्वादशीला, शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर कावडी चढतात. सासवडहून कऱ्हेचे पाणी घेऊन निघालेली भुतोजी तेल्याची मानाची कावड मजल-दरमजल करत माण तालुक्यात येते आणि मुंगी घाटाची उभी चढण चढू लागते. ज्यांनी तो सोहळा पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की कावड कुणा एकाच्या खांद्याने चढत नाही. वरच्याने खालच्याचा हात धरायचा, खालच्याने कावडीचा तोल सावरायचा, आणि अशी माणसांची साखळी होऊन पाणी शंभू महादेवाच्या माथ्यावर पोचते. या डोंगरावर यात्रेकरूंचे पाण्यावाचून हाल होतात हे पाहून मालोजीराजे भोसल्यांनी तळे बांधले, त्यालाही आता चारशे वर्षे झाली. देवासाठी पाणी आणणारे आणि माणसांसाठी तळे बांधणारे असे दोन्ही हात एकाच डोंगरावर दिसतात. आपल्या परंपरेचे हे देखणे रूप आहे, आणि गावोगावच्या पाण्याच्या कामात जे हात आज गुंतले आहेत, ते आपल्याला याच साखळीतले वाटतात.

2016 चा उन्हाळा आठवावा. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. 11 एप्रिलला, नेमकी जोतीरावांच्या जयंतीच्या दिवशी, मिरज स्थानकातून दहा वाघिणींची गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोचली. वाघिणी राजस्थानातल्या कोट्याहून धुऊन आल्या होत्या, पाणी कृष्णेचे होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या, एका खेपेला 25 लाख लिटर. त्या दिवसांत मिरजेत पाइप जोडणारे फिटर, रात्रपाळीला वाघिणींची झाकणे उघडून पाणी भरणारे कामगार, पालिकेचे आणि रेल्वेचे कर्मचारी यांची नावे कुणी कोरून ठेवली नाहीत. पण एका शहराने दुसऱ्या शहराची तहान आपली मानली, आणि हौदाच्या धन्याची जयंती आपल्या हातून अशी साजरी झाली, याचा सांगली-मिरजेने अभिमान बाळगावा. तो बाळगताना जतच्या पूर्व भागाची आठवणही ठेवावी. आपल्याच जिल्ह्यातल्या सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी इतकी वर्षे वाट पाहिली की कंटाळून कर्नाटकात जाण्याचे ठराव त्यांच्या तोंडून निघाले. तो राग भाषेचा नव्हता, कोरड्या घागरींचा होता.

त्याच उन्हाळ्यात कोरेगाव तालुक्यात आणखी एक गोष्ट घडत होती. पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा ज्या तीन तालुक्यांत झाली, त्यांतला एक कोरेगाव. गावकऱ्यांनी पहाटे आणि सांजवेळी कुदळ-फावडे घेऊन डोंगरउतारावर जायचे, समतल चर खोदायचे, दगडी बांध घालायचे आणि पडेल तो पाऊस जागीच जिरवायचा. वेळू गावाने त्या वर्षी पहिला क्रमांक मिळवला. पुढल्या वर्षी खटावचे भोसरे दुसऱ्या क्रमांकावर आले आणि 2018 साली माणमधल्या टाकेवाडीने राज्यात पहिला मान पटकावला. या सगळ्याच्या मागे साताऱ्याचे दंतवैद्य डॉ. अविनाश पोळ यांच्यासारखी माणसे होती. स्पर्धा निघण्याच्या कितीतरी आधीपासून ते जखिणगावसारख्या गावांत लोकांशी बोलत, त्यांच्याबरोबर खोदत होते. बक्षिसाची रक्कम आली आणि खर्ची पडली. त्या गावांत जे टिकले ते निराळेच होते. एकमेकांच्या बांधावर पाऊल न ठेवणारी भावकी एका चरात उतरली, सुनांनी सासऱ्यांसमोर डोक्यावर पाट्या वाहिल्या, मुंबईला माथाडी म्हणून गेलेली पोरे रजा काढून गावी आली. विहिरींना पाणी वाढले की सर्वांत आधी बायांच्या डोक्यावरचा हंडा हलका होतो, हे त्या गावांनी पाहिले.

आणि त्याही आधीची एक आठवण द्यायलाच हवी. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात स्वतःच्या हिमतीवर बळीराजा स्मृती धरण बांधायला घेतले. मुक्ती संघर्ष चळवळीतली तरुण मुले, भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते आणि गावचे शेतकरी असा तो मेळ होता. नदीतली वाळू ठेकेदार नेत होता, तिच्यावर गावाचा हक्क आहे असे सांगून तिच्याच पैशातून धरणाला हातभार लावण्याचा मार्ग त्यांनी काढला. पण आपल्या मनात घर करून राहावा तो त्यांनी केलेला नियम. पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरणार नाही, तो घरटी मिळेल, आणि ज्याला जमीनच नाही त्या घरालाही मिळेल. जोतीरावांच्या हौदाचा अर्थ इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी कागदावर उतरवला असेल.

पाणी गावात आले म्हणजे काम संपले, असा आपला समज असतो. खरे काम तिथून पुढे असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याची मिरवणूकही निघत नाही. पहाटे साडेपाचच्या सुमाराला एखाद्या वाडीवरचा जलसुरक्षक टाकीपाशी येतो. प्लास्टिकच्या बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, घेतो, हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम हा हिशेब त्याच्या बोटांत बसलेला असतो. थोडे पाणी घालून तो लाकडाच्या काठीने ढवळतो, चुन्याचा गाळ तळाशी बसेपर्यंत थांबतो, मग वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून, ती एका हातात आणि दुसऱ्या हाताने लोखंडी शिडीचे गज धरत टाकीच्या माथ्यावर चढतो. निवळी टाकली की निदान अर्धा तास पाणी सोडायचे नाही. खाली बाया हंडे घेऊन उभ्या असतात, कुणाला फडात जायचे असते, कुणाला पोराचा डबा करायचा असतो, सारे जण हाका मारत असतात, आणि तरी तो अर्धा तास त्याने राखायचा असतो. मग नळ सुटतात. त्याची परीक्षा पहिल्या नळावर होत नाही. गावाच्या टोकाला, जिथे पाण्याचा जोर सर्वांत कमी असतो त्या शेवटच्या नळापाशी जाऊन तो काचेच्या नळीत पाणी धरतो आणि क्लोरीन तपासणाऱ्या ओटी द्रावणाचे थेंब सोडतो. पाणी पिवळसर झाले तर क्लोरीन इथवर पोचले. पांढरेच राहिले, तर टाकीपासून इथवर कुठेतरी काही बिघडले आहे, जोड गळतो आहे, गटाराच्या पाण्यातून नळी गेली आहे किंवा पोत्यातली पावडरच ओल लागून निकामी झाली आहे.

या एका पिवळ्या छटेवर किती लेकरांचे आयुष्य अवलंबून आहे, याचा विचार आपण करतो का? जुलाबाने दोन दिवसांत सुकून जाणारे मूल, पावसाळ्याच्या तोंडावर घराघरांत शिरणारी कावीळ, विषमज्वराने अंथरुणाला खिळलेला कमावता माणूस, या साऱ्याची सुरुवात त्या शेवटच्या नळापाशी होते. जिथे नळ नाही तिथे आशाताई आणि आरोग्यसेवक आडाच्या पाण्यात टीसीएल आणि वाळू भरलेले छिद्राचे मडके सोडतात, ते हळूहळू पाझरत राहते. 2019 साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचा वायदा केला आणि त्याबरोबर एक शहाणपणाची गोष्ट केली. गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे संच हाताळायला शिकवले. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाहिले, त्या हातांत आता पाण्याची परीक्षा आली. त्यांतल्या जैविक तपासणीच्या छोट्या बाटलीत पाणी भरून ती दिवस-दोन दिवस ठेवायची असते. पाणी काळे पडले तर ते पिण्याजोगे नाही. ती काळी पडलेली बाटली घेऊन बचत गटातली एखादी ताई ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढते आणि सरपंचांच्या टेबलावर ठेवते, त्या क्षणाला आपण फार मोठे मानतो. महाडच्या पायऱ्या उतरताना जे मागितले गेले, त्याचाच तो पुढचा हक्क आहे. पाणी मिळावे, आणि ते चांगले आहे की नाही हे सांगण्याचा अधिकारही मिळावा.

पाणी फार झाले तरी तहान भागत नाही, हे सांगलीने 2019 च्या ऑगस्टमध्ये पाहिले. आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली, चहूकडे पाणीच पाणी, आणि घराघरांत प्यायला थेंब नाही. पंपघरे बुडाली, विहिरींत गाळ आणि मेलेली जनावरे. त्या दिवसांत तालमींची पोरे, गणेश मंडळे, मशिदींचे आणि गुरुद्वारांचे सेवेकरी, वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी पाण्याच्या बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या घेऊन गल्लीबोळांत फिरले. कोरड्या तालुक्यांतल्या गावांनीही भाकऱ्यांबरोबर पाणी धाडले. ज्याच्या पदरी पाण्याचे दुर्भिक्ष, त्यानेच पुरात बुडालेल्याला पाणी पाठवावे, यापरते दान कोणते? पण पूर ओसरला तशी ती जागही ओसरली. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते ही तक्रार सांगलीत इतकी जुनी झाली आहे की तिची आपल्याला सवय होऊन गेली आहे. नदीला आपण माय म्हणतो, संध्याकाळी तिच्या घाटावर दिवे सोडतो, आणि खालच्या अंगाच्या गावांना तेच पाणी प्यायचे आहे हे विसरतो. हे आपल्या साऱ्यांचे न्यून आहे, एकट्या पालिकेवर टाकून मोकळे होण्यासारखे नाही.

आणि कोण कोण आहे त्या शेवटच्या टोकाला? मेंढरांमागे फिरणारे धनगर कुटुंब, ज्याचे नाव कुठल्याच गावच्या पाणीपट्टीच्या वहीत नसते. वीटभट्टीवरची माणसे. डोंगरावरच्या चार घरांच्या वस्त्या, जिथे नळ योजना न्यायला दर घरामागे खर्च फार येतो म्हणून त्या नेहमी पुढल्या टप्प्यात ढकलल्या जातात. गावकुसाला लागून असलेली जुनी वस्ती, जिच्याकडे जाणारी नळी अजूनही सर्वांत शेवटी आणि सर्वांत बारीक असते. आणि ऊसतोड मजूर. ऐन हंगामात कृष्णाकाठी कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, पाट भरून वाहत असतात, आणि त्याच फडाच्या कडेला पाचटाच्या कोपीत राहणारी बाई शेताच्या पाटातले किंवा मोटारीचे मिळेल ते पाणी घागरीत भरते आणि पोराला पाजते. मसूरच्या वाटेवर त्या मुलांना जे पाणी मिळाले, त्याहून ते किती निराळे असेल? हंगाम संपून ही माणसे आता आपापल्या गावी परतली आहेत, कुणी बीडला, कुणी जतला, आणि तिथे टँकरच्या रांगेत उभी आहेत. कारखान्याच्या कामावर असताना त्यांना पाणी देण्याचे कर्तव्य ज्यांचे, ते पुढच्या दसऱ्याआधी फडाफडांवर स्वच्छ पाण्याच्या टाक्या ठेवण्याचे ठरवतील, तर या जयंतीला तेवढा एक ठरावही पुष्कळ झाला.

जार आणि पाण्याची एटीएम गावोगावी झाली आहेत. ज्याला परवडते तो नाणे टाकून थंड पाणी नेतो, आणि हळूहळू सार्वजनिक नळाची काळजी करणारे आवाज गावातून कमी होतात, कारण आवाज ज्यांना आहे त्यांच्या घरी जार येतो. आपल्याला या बदलाची धास्ती वाटते. सार्वजनिक टाकी कधी धुतली याची चौकशी पाटलाच्या घरातून थांबली, की ती टाकी गरिबांची होते आणि मग तिची आबाळ ठरलेली. अनेक ठिकाणी नव्या योजनांची कामे बिलांवाचून रेंगाळली आहेत, टाक्या उभ्या आहेत आणि त्यांना पाणी नाही, किंवा पाणी आहे आणि विजेचे बिल थकले आहे. जलसुरक्षकाचे मानधन तुटपुंजे, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. ज्याच्या हातात गावाचे आरोग्य, त्याला महिन्याच्या मानधनासाठी चार खेपा घालाव्या लागू नयेत.

जयंतीचे ढोल वाजतील, हार चढतील, ते व्हायलाच हवे. पाणपोयाही लागाव्यात, आणि रांजण रोज घासले जावेत, त्यांवर झाकण असावे, पाणी काढायला लांब दांड्याची ओगराळी असावी, एवढे आपण आपल्या मंडळाच्या पोरांना बजावून सांगू शकतो. पण येत्या 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, गावोगावी ग्रामसभा भरेल. त्या सभेत घरकुलाच्या याद्या वाचल्या जातात, टँकरची मागणी होते, रस्त्यांवरून वाद होतो. यंदा त्या सभेत पाण्याच्या नमुन्यांचा अहवाल मोठ्याने वाचण्याची मागणी आपण करू. कोणत्या दिवशी कोणत्या नळाचे पाणी तपासले, बाटली काळी पडली की नाही, टाकी शेवटची कधी धुतली, टीसीएलचे पोते किती महिन्यांपूर्वीचे आहे, हे सारे लिहिलेले कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात असतात. ते वाचायला ग्रामसेवकाऐवजी नमुने घेणारी ताईच उभी राहावी. जलसुरक्षकाचे थकलेले मानधन त्याच सभेत मंजूर व्हावे. आणि नमुना कुठून घ्यायचा याची जी जागा वहीत नोंदवलेली असते, ती चौकातल्या नळावरून खोडून वस्तीच्या टोकाच्या नळावर, आणि ज्या घरांना नळच नाही त्यांच्या आडावर, नेमून द्यावी. त्या घरांची नावे यादीत आहेत का, हे पाहायला वॉर्डच्या सदस्याबरोबर आपल्यातले कुणीतरी सभेआधीच्या रविवारी जाऊन यावे.